शिंगातला विस्तव

वाघदऱ्याच्या माथ्यावर वारा असा सुटायचा, की काडी ओढली तर ती पेटायच्या आधी विझायची. सिदू धनगर तर सांगायचा, एकदा त्यानं बायकोला मारलेली हाक वाऱ्यानं उचलली आणि थेट युसूफ वडगावच्या बाजारात नेऊन टाकली, आणि तिथली एक भलतीच रतनबाई ‘आले, आले’ करत भाजीचं टोपलं सोडून निघाली. सिदूच्या बोलण्यातलं निम्मं वाऱ्यावर सोडलं तरी उरायचं ते पुष्कळ असायचं. पण त्याच माथ्यावर, त्याच वाऱ्यात, त्याच्या खऱ्या रतनबाईची चूल पेटायची, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं मात्र गावोगाव होती.

तिच्या कमरेला एडक्याचं एक शिंग लटकलेलं असे. तोंडाला लिंबाच्या लाकडाचं बूच. आत कापूस, पण वाती वळायचा नव्हे. शेवरीची बोंडं फुटली की ती झाडाखालचं पांढरं वेचून आणायची. त्यात रुईच्या शेंगांमधल्या म्हाताऱ्या मिसळायची. आघाडा जाळून त्याच्या राखेच्या पाण्यात ते सगळं भिजवायची, पिळायची, तापल्या दगडावर वाळवायची आणि पुन्हा भिजवायची. शेवटी गाडग्यात कोंडून मंद आचेवर काळं होईस्तोवर भाजायची. त्या कापसावर गारगोटीची ठिणगी पडली की ती विझायची नाही. वारा जितका चेकाळेल तितकी लाल व्हायची. लोकांचा विस्तव वाऱ्याला भ्यायचा, हिचा वारा खाऊन पोसायचा.

बहात्तर सालच्या दुष्काळात या विस्तवावर तिची मेंढरं जगत होती. पालीच्या धरणात गाळाला भेगा पडल्या होत्या आणि कपिलधारला धबधब्याच्या जागी नुसता काळा कातळ उरला होता. माळावर गवताचं मूळसुद्धा राहिलं नव्हतं. मेंढरांच्या पाठीवर हात फिरवला तर लोकरीतून मणके लागायचे. हिरवं असं एकच उरलं होतं, वाघदऱ्यावरचं फड्या निवडुंग. पण त्याच्या अंगभर काटे. तसंच खाल्लं तर जीभ रक्तानं भरते, घसा सुजतो आणि जनावर खाल्ल्याच्या दुःखानं मरतं. ते पान बेचक्यावर धरून जाळावर फिरवावं लागतं. काटे तडतडून झडतात, साल फुगते, मग कोयत्यानं तुकडे करून घालायचे. रतनबाई रोज पहाटे माथ्यावर जायची आणि ऊन डोक्यावर येईस्तोवर भाजत बसायची. तिच्या हातांवरचे केस कधीच जळून गेले होते आणि भुवया निम्म्या राहिल्या होत्या. सिदू पानं तोडायचा आणि तोडता तोडता मेंढरांना थापा सांगायचा.

त्या सकाळी जाळ चांगला धरला होता, आणि खालून बंकट आला. बंकट म्हणजे गावच्या छावणीचा राखणदार. हातात काठी, गळ्यात शिट्टी. आल्या आल्या त्यानं विचारलं,

“कुणाच्या हुकमानं जाळायलीस गं?”

“भुकंच्या.”

“डोंगर सोसायटीला देलाय सरकारनं. हे निवडुंग छावणीतल्या ढोरांचं हाय.”

“काटंबी सोसायटीचंच का?” रतनबाईनं पान उलटलं. “मग काटं घिऊन जा. मला पानं पुरं.”

बंकटनं जाळावर लाथ मारली. जाळ विस्कटला. भाजलेली पानं मातीत गेली. मग त्यानं निखाऱ्यांवर टाचा घासल्या, एकेक, तंबाखूची चिमूट मळावी तशा सावकाश. सिदू म्हणाला, “आरं बंकटा, माज्या बाच्या हातचं पाणी पिऊन मोठा झालास की बे!” बंकटनं तिकडं पाहिलंही नाही. शिट्टी फुंकत त्यानं मेंढरं डोंगराखाली हाकलली. “कोंडवाड्यात घालतो. चेरमन सांगतील तवा सोडवा.”

कोंडवाड्यात ना चारा होता ना पाणी. तिथं एक दुपार काढली असती तर निम्मी मेंढरं उठलीच नसती. रतनबाईनं शिंगाला बूच लावलं, कोयता खोचला आणि मेंढरांच्या धुळीतून चालू लागली. मागून सिदू.

“काय म्हनावं चेरमनला?” त्यानं विचारलं.

“तुमी काईच म्हनू नका.”

“आगं पर—”

“काईच.”

छावणी डोंगराच्या पायथ्याशी होती. बोराटीच्या काट्यांचं लांबच लांब कुंपण, आत पाचटाचे मांडव, आणि त्यांखाली साऱ्या शिवारातली ढोरं. गावानं सोसायटी काढून ती चालवली होती. चेअरमन राधाकिशन हे मोठे बागायतदार. अंगानं आडवे, आवाजानं त्याहून आडवे. ते लिंबाखाली बाजेवर बसले होते. शेजारी सेक्रेटरी बद्रीनाथ, काटकुळा, बोलायच्या आधी बोट वर करणारा. त्यांनी रतनबाईला उन्हात उभं केलं. समोरच टँकरचं पाणी हौदात पडत होतं. तहानलेली मेंढरं त्या आवाजाकडं माना वळवून ओरडत होती आणि बंकट त्यांना काठीनं मागं रेटत होता.

“मालक, निवडुंगाची चोरी,” बंकट म्हणाला. “वर जाळ करून बसलते दोघं.”

राधाकिशन बाजेवर सरळ झाले. “मगाशी वर धूर दिसला त्यो ह्यांचा?”

“व्हय. पर मी विझवला.”

“विझवलास?”

“पार टाचेनं रगडून.”

“आरं गाढवा,” राधाकिशन म्हणाले, आणि त्यांचा आवाज ऐकून मांडवातल्या म्हशीही उठल्या, “आठवडा झाला आमी तिथं जाळ पेटवायलोत आन् पेटंना. पेटलेला त्यो तू विझवून आलास?”

झालं होतं ते असं. खाली पाचटाचे मांडव आणि कडब्याची गंज, तेव्हा निवडुंग भाजायचं ते वरच. रॉकेल मिळेना. काडीपेट्या वर नेल्या की वारा त्यांचा खेळ करायचा. सोपा उपाय म्हणजे छावणीच्या चुलीतले निखारे घमेल्यात घालून वर न्यायचे. तसे पहिल्यांदा नेलेही. पण त्याच दिवशी म्हाताऱ्या दगडाबाईची गाय आटली. आणि दगडाबाईनं हौदाच्या काठावर चढून साऱ्या गावाचा उद्धार केला.

कारण रीत सगळ्यांना ठाऊक होती. ज्या घरी जनावर व्यालं त्या घरचा विस्तव पाच दिवस बाहेर द्यायचा नाही. दिला तर दूध आटतं. आता घरोघरी चुली होत्या तोवर ही अडचण नव्हती. एका घरचा बंद असला तर शेजारणीकडून आणावा. पण गावानं सोसायटी काढली. दावण एक, कुंपण एक, चूल एक. म्हणजे साऱ्या गावाचं घर एक. आणि इतक्या ढोरांत रोज कुणाची तरी गाय, कुणाची तरी म्हैस व्यायचीच. पाच दिवस संपायच्या आत पुढची. त्यामुळं छावणीचा विस्तव जो बंद झाला तो उघडेचना. राधाकिशननी मतदान घ्यायचं काढलं, तर दगडाबाई म्हणाली, “घ्या मतदान. गाईच्या कासंला हात वर करायला लावा.” मतदान बारगळलं. लोक निवडुंग तसंच आणून कुऱ्हाडीच्या पात्यानं काटे तासत होते, आणि तासून राहिलेले काटे ढोरांच्या तोंडात जात होते. मांडवात चार बैल लाळ गाळत उभे होते. लाळ तांबडी होती.

हे सगळं रतनबाईनं उन्हात उभ्या उभ्या पाहिलं, ऐकलं आणि मनाशी बसवलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला.

“मालक, उद्यापास्नं जाळ मी लावते. रोज. तुमची मानसं येतील तवर भट्टी पेटलेली असंल.”

“आन् मजुरी काय घेशील?”

“मजुरी नगं. माजी मेंढरं छावणीत घ्या. ढोरावानी. हौदावर पानी, भाजलेलं निवडुंग, मांडवाची सावली.”

बद्रीनाथचं बोट वर गेलं. “छावणी गुराढोरांची हाय. मेंढरं नेमात बसत न्हाईत.”

“नेमात नका बसवू. मांडवात बसवा.”

राधाकिशन हसले. हसताना बाज करकरली. त्यांनी मांडवाकडं, तांबड्या लाळेकडं एकदा पाहिलं. “पेटंल नक्की?”

इथं सिदूनं गप्प बसायला हवं होतं. पण इतका वेळ तोंड मिटून त्याचे गाल दुखायला लागले होते.

“पेटंल?” तो पुढं झाला. “आवो मालक, पेटवायचाय कशाला? हिच्या शिंगात विस्तव निजलेला असतो! निजलेला! नुसतं बुच काढून ‘ऊठ बाबा’ म्हनायचं. मागं बिंदुसरेला पूर आलता, मी ह्ये शिंग घिऊन पल्याड पोहत गेलतो. पान्यात मासं जवळ यिऊन शेकत होते!”

लोक हसले. हसली नाही ती एक दगडाबाई. ती काठी टेकत पुढं आली.

“काय म्हनलास? शिंगात विस्तव हाय?”

“हाय तर!”

“म्हंजी बाई मेंढरं घिऊन कुपनाच्या आत ऱ्हानार. रात्री शिंग आत. सकाळी शिंग भाईर. त्यो छावनीतला विस्तव भाईर गेला की न्हाई?”

बद्रीनाथचं बोट आपोआप वर गेलं. “मुद्दा बरोबर हाय. एकदा सभासद झाली की तिचा विस्तव त्यो सोसायटीचा विस्तव.”

“आवो, नुसता कापूस हाय त्यो!” रतनबाई म्हणाली.

“तुजा दादला म्हनतोय विस्तव हाय.”

“मग काडीपेटीत बी विस्तवच निजतो की, मावशी. ती कशी चालती?”

“काडीपेटी दुकानातली. ती कुनाच्या घरची न्हाई.” दगडाबाईनं काठी आपटली. “माज्या गाईचं दूध गेलं, बाई. नातवाला काय पाजू? तू सांग.”

बाई खोटं बोलत नव्हती. रतनबाईनं सिदूकडं एकदा पाहिलं. सिदू आपल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहत होता. बंकटनं काठी उचलून मेंढरांचा मोहरा कोंडवाड्याकडं वळवला. म्हातारी मेंढी पुढचे पाय दुमडून खाली बसली, तिला त्यानं शेपटीला धरून उठवलं.

“थांब,” रतनबाई म्हणाली. “मालक, मेंढरं कुनाची हायती?”

“तुमचीच की.”

“माजी न्हाईत. ह्येंची हायती. सासऱ्यानं ह्येंच्या नावानं दिलेली. सभासद ह्येनला करा. मेंढरं बी आत घ्या आन् हे बी आत घ्या.”

“आन् तू?”

“ह्ये शिंग माज्या आईचं. गारगोटी माज्या माहेरच्या माळावरली. ह्या घरचं त्यात काईच न्हाई.” तिनं कुंपणाबाहेरच्या एकट्या बोरीकडं हात केला. “मी तिथं ऱ्हाते. माजी चूल येगळी, माजं पानी येगळं. कुपनाच्या आत पाऊल टाकनार न्हाई. मग माजा विस्तव कुनाचा?”

सगळ्यांनी दगडाबाईकडं पाहिलं. दगडाबाईनं बोरीकडं पाहिलं. मग कुंपणाकडं, मग शिंगाकडं.

“तुज्या माहेरचा,” ती म्हणाली. “मग चालंल.”

“नवरा-बायकूची दोन घरं?” सिदूला आता कुठं उमगलं. “आगं, आन् मला भाकर कोन टाकनार?”

“सोसायटी.”

राधाकिशन उठले. “पर आधी जाळ. उद्या सकाळी समद्यांसमोर. पेटला तर मेंढरं आत. न्हाई पेटला तर चोरी ती चोरी, मेंढरं कोंडवाड्यात. आजच्या रातीला हौदावर पाजा त्येनला.”

सकाळी निम्मं गाव माथ्यावर आलं. वारा असा होता की बोललेलं शेजाऱ्याला ऐकू न येता तिसऱ्याला ऐकू येत होतं. बद्रीनाथनं टोपी काढून खिशात घातली होती. निवडुंगाच्या पानांचा ढीग रचून ठेवला होता. रतनबाईनं जागा निवडली, वाऱ्याकडं पाठ न करता तोंड करून. वाळक्या गवताचं घरटं वळलं, त्यात चुरलेल्या लेंड्या घातल्या, वर करवंदीच्या काड्या उभ्या केल्या. मग कमरेचं शिंग सोडून मांडीवर ठेवलं आणि गारगोटी आणि लोखंडी चकमक काढायला चंचीत हात घातला.

तेवढ्यात सिदूनं शिंग उचललं.

काल साऱ्या गावासमोर तो तोंडघशी पडला होता आणि रात्रभर ते त्याला टोचत होतं. “बघा मंडळी,” तो म्हणाला, “विस्तव निजलाय कसा बघा—” आणि त्यानं बूच काढून शिंगात नाक घातलं. आत काजळलेल्या कापसाची भुकटी. ती त्याच्या नाकात गेली. सिदूनं डोळे मिटले, तोंड वर केलं, एक हात हवेत धरला, आणि शिंकला. अशी शिंक, की माथ्यावरचे होले उडाले. शिंगातला सगळा कापूस एका काळ्या ढगासारखा बाहेर आला, क्षणभर त्याच्या डोक्यावर थबकला आणि वाऱ्याबरोबर दऱ्यापल्याड गेला.

कुणी हसलं नाही. बंकटसुद्धा नाही. खाली कुंपणाच्या दाराशी मेंढरं उभी होती. इथून ती मातीच्या ढेकळांसारखी दिसत होती.

“रतने,” सिदू म्हणाला. त्याचं नाक काळं झालं होतं.

“बसा तिकडं.”

“नवा कापूस करायला किती दिस लागतील?” बद्रीनाथनं विचारलं.

रतनबाईनं शिंग उलटं करून तळहातावर आपटलं. चिमूटभरही पडलं नाही. तिनं आजूबाजूला पाहिलं. घोंगडी? लोकर जळते कुठं, नुसती घाण सुटते. गवत? गवताला ठिणगी धरता येत नाही. मग तिची नजर स्वतःच्या पदरावर आली. लुगडं सुती, जुनं, धुऊन धुऊन जाळीदार झालेलं. त्याच्या या कोपऱ्यानं तिनं किती वर्षं चुलीवरचं तापलं भगुनं उतरवलं होतं. तो कोपरा करपून करपून काळा पडला होता. बोटांनी चोळला तर भुगा व्हायचा. गाडग्यात भाजलेल्या कापसात आणि त्यात फरक एवढाच, की हा रोज थोडा थोडा भाजला होता.

तिनं पदर डोक्यावरून ओढला. साऱ्या पुरुषांसमोर तिचे पिकलेले केस वाऱ्यावर सुटले. राधाकिशननी नजर दुसरीकडं वळवली. रतनबाईनं कोपरा दातांत धरला आणि टर्रकन फाडला.

“आगं, एकच लुगडं हाय तुला!” गर्दीतून दगडाबाई ओरडली.

“ढोरांना दोन दोन तोंडं हायती का, मावशी?”

तिनं करपलेली चिंधी गारगोटीच्या धारेवर अंगठ्यानं दाबली आणि चकमक मारली. ठिणग्या उडाल्या, वाऱ्यानं नेल्या. पुन्हा मारली. अंगठ्याची साल निघाली. पुन्हा. रक्त गारगोटीवरून ओघळायला लागलं तसं तिनं बोट बदललं, जागा बदलली नाही. पुन्हा. पुन्हा.

चिंधीच्या काठावर मोहरीएवढा लाल ठिपका बसला.

ती त्याला फुंकर घालायला गेली नाही. तिनं चिंधी दोन बोटांत धरून हात लांब केला, वाऱ्यात. एखादं मूल आजोबाच्या हाती द्यावं तसं. ठिपका रुंदावला. कडेकडेनं सरकत चालला. तिनं तो गवताच्या घरट्यात ठेवला आणि घरटं ओंजळीत मिटून वाऱ्यापुढं धरलं. आधी बोटांच्या फटींतून धूर आला, पांढरा, मग पिवळा, मग दाट. मग तिच्या ओंजळीतच भक्कन जाळ झाला. तिनं तो काड्यांखाली सारला, हात झटकले आणि घोंगडीला पुसले.

पहिलं पान बंकटनं बेचक्यावर धरलं. काटे तडतडले. त्याचा आवाज वाऱ्यातसुद्धा सगळ्यांना ऐकू आला.

“दार उघडा रं खालचं,” राधाकिशन ओरडले. “मेंढरं घ्या आत!” त्यांचा आवाज होताच तसा. खाली पोचला.

त्या दिवसापासून रतनबाई बोरीखाली राहिली. बायनाबाईनं, म्हणजे राधाकिशनच्या मंडळींनी, एक लुगडं पाठवलं. ते तिनं ठेवून घेतलं, पण डोंगरावर जाताना फाटकंच नेसायची. चांगल्यावर ठिणग्या कशाला पाडायच्या. आघाडा शोधून नवा कापूस केला. माथ्यावर रोज भट्टी पेटायची, आणि बैलांच्या तोंडातली लाळ हळूहळू पांढरी झाली. सिदू मांडवात झोपायचा, सोसायटीची भाकर खायचा आणि साऱ्या छावणीला सांगायचा, की त्या दिवशीची शिंक त्यानं मुद्दाम काढली होती, बायकोची हुशारी लोकांना कळावी म्हणून. आणि रोज संध्याकाळी कुंपणाशी येऊन उभा राहायचा. ती अलीकडं, तो पलीकडं, मध्ये बोराटी.

एका संध्याकाळी तो धावत आला. त्याच्या हातात पितळी होती, वर पळसाचं पान झाकलेलं.

“रतने! म्हातारी मेंढी व्याली. नर हाय. आन् कास अशी भरलीय, पिल्लू पिऊन बी चीक उरला. तुज्यासाठी शिजवून आनला, गूळ घालून—” आणि तो मध्येच थांबला. पितळी कुंपणावरून अर्धी आली होती. ती तशीच राहिली.

जनावर व्यालेल्या घरचा विस्तव पाच दिवस बाहेर जात नाही, तसं त्या जनावराचं दूधही जात नाही. ही रीत त्यालाही ठाऊक होती. पलीकडं मांडवाच्या खांबाला टेकून दगडाबाई बसली होती, आणि ती इकडंच बघत होती.

“आता गं?” सिदू म्हणाला.

रतनबाई बोरीखालून उठून कुंपणाजवळ आली. हातांवर जाळाचे नवे डाग होते. तिनं पितळीवरचं पान बोटानं थोडं सारलं. वाफ आली, गुळाची आणि दुधाची.

“खा तितंच,” ती म्हणाली. “मी बघते.”

सिदू खाली बसला. पहिला घास त्यानं घेतला. ती कुंपणाला लागून बसली आणि तो पितळी चाटूनपुसून रिकामी करेस्तोवर उठली नाही.

“कसा झालाय?”

आयुष्यात पहिल्यांदाच सिदूला फुगवून सांगायला काही सुचलं नाही. “गोड हाय,” तो म्हणाला.

“मग जा. पिल्लू आईखाली निजीव. सकाळी लौकर वर या, वारा लई सुटनार हाय.”